एवढी नगरं कशाला?

गोष्ट १९८५ सालची. बँकेत मी नुकताच अधिकारी झालो होतो आणि नगरमधल्या एका शाखेत मेल ट्रान्सफरच्या टेबलावर बसत होतो. आजच्या मुलांना मेल म्हटले की संगणक आठवतो. आमची मेल म्हणजे टपाल. एका गावच्या शाखेत पैसे भरायचे, त्या शाखेने तसा एक कागद टपालाने दुसऱ्या गावच्या शाखेला पाठवायचा आणि तो पोचला की तिथल्या खात्यात रक्कम जमा व्हायची. या कागदाला आम्ही ‘ॲडव्हाइस’ म्हणत असू. कागद पोचला नाही, तर पैसेही नाहीत.

पारनेर तालुक्यातल्या एका गावाहून एक बाई आमच्याकडे येत. वय पन्नाशीच्या पुढे, नऊवारी लुगडे, हातात कापडी पिशवी. मुलगा लष्करात, श्रीनगरला. धाकट्या मुलीचे लग्न ठरले होते आणि त्यासाठी तीन हजार रुपये पाठवल्याचे मुलाचे पत्र त्या पिशवीत घडी घालून ठेवलेले असे. पत्र आले होते, पैसे आले नव्हते. दर दोन-तीन दिवसांनी बाई एसटीने येत आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहत.

“आज आलं का, सायेब?”

“नाही मावशी. परवा बघू.”

असे तेवीस दिवस गेले. चोविसाव्या दिवशी कागद आला. पाकिटावर टपालाचे दोन शिक्के जास्तीचे होते. कागद आधी जामनगरला जाऊन आला होता. श्रीनगरच्या कारकुनाने घाईघाईत, आम्ही सगळेच लिहायचो तसे, इंग्रजीतला एक ‘ए’ काढून त्यापुढे ‘नगर’ लिहून दिले होते. त्याचा ‘ए’ वाटेत कुणाला तरी ‘जे’ वाटला. जामनगरच्या शाखेत त्या नावाचे खाते नव्हते, म्हणून रक्कम ‘संड्री’ नावाच्या अनाथाश्रमात जाऊन बसली. पुढे कुणा भल्या माणसाने चूक ओळखली आणि कागद आमच्याकडे धाडला. पाकिटावर पिनकोडासाठी चौकोन छापलेले होते. सहाच्या सहा रिकामे होते.

मी बाईंना सगळे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “जामनगर? मंग ते बी नगरच हाये ना?”

“हो मावशी, पण ते गुजरातेत.”

“आन् पोरगं हाये ते?”

“ते श्रीनगर. काश्मीरचे.”

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढी नगरं कशाला केली म्हनायची?”

आम्ही सगळे हसलो. कॅशियरसुद्धा हसला. हसू ओसरल्यावर बाईंनी सांगितले, की बस्ता बांधायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते, म्हणून गळ्यातले डोरले सराफाकडे ठेवले होते. त्याचे तीन आठवड्यांचे व्याज झाले होते. ते कोण देणार? आमच्या शाखेत वह्या पुष्कळ होत्या. पण हे व्याज कोणत्या खात्यात टाकायचे, याचे उत्तर त्यातल्या एकाही वहीत नव्हते. वरच्या कार्यालयाला पत्र लिहिले. उत्तर आले, की विलंब टपालाचा आहे. बाईंनी ते व्याज स्वतःच भरले.

त्या दोन प्रश्नांपैकी व्याजाचे उत्तर मला कधीच देता आले नाही. दुसऱ्याचे मात्र नोकरी संपल्यावर सवडीने शोधत गेलो. खरेच, एवढी नगरे कशाला?

दोन अहमद, दोन नगरे

आपल्या नगरची जन्मकथा ठाऊक आहे. बहमनी राज्य मोडकळीला आले होते. जुन्नरला मलिक अहमद नावाचा तरुण सरदार होता. २८ मे १४९० रोजी त्याने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि स्वतःची निजामशाही उभी केली. १४९४ साली त्याच परिसरात, सीना नदीच्या काठी, त्याने नव्या शहराची उभारणी सुरू केली आणि त्याला स्वतःचे नाव दिले.

या मलिक अहमदाचा बाप मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याच्या घरातला होता, असे फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो. फेरिश्ताचे स्वतःचे तरुणपण निजामशाही दरबारात गेले, तेव्हा ही हकीकत त्याने नगरमध्येच ऐकली असणार. शहराला नाव देताना सुलतानापुढे ‘आबाद’ हा फारसी शब्द तयार होता. दौलताबाद जवळच होते. गुजरातेत अहमदशहाने १४११ साली अहमदाबाद वसवले होते. तरी आमच्या अहमदाने संस्कृत ‘नगर’ निवडले. कुलकर्ण्याचे रक्त बोलले, असे कादंबरीकार म्हणून मला लिहावेसे वाटते. पण जुना बँकवाला हात धरतो. कारण ‘अहमद’ला ‘नगर’ जोडणारा तो पहिला नव्हता. गुजरातच्या त्याच अहमदशहाने १४२६ साली साबरकांठ्यात आणखी एक शहर वसवले होते आणि त्याचे नाव अहमदनगर असेच ठेवले होते. म्हणजे आपल्या अहमदनगरच्या आधी अडुसष्ट वर्षे एक अहमदनगर नांदत होते!

मग ते गेले कुठे? ते तिथेच आहे. १९१२ साली इडरच्या महाराजांनी आपल्या राजपुत्राच्या, हिंमतसिंहांच्या नावावरून त्याचे नाव हिंमतनगर केले. आज ते साबरकांठा जिल्ह्याचे ठाणे आहे. अहमद गेला, हिंमत आली, नगर जागेवर राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवावी; तिच्याकडे शेवटी पुन्हा यायचे आहे.

अशी आणखी एक कथा कर्नाटकात आहे. केळदीच्या नायकांची राजधानी बिदनूर. १७६३ साली हैदरअलीने ती जिंकली आणि तिचे नाव हैदरनगर ठेवले. हैदरअली गेला, टिपू गेला. लोकांच्या तोंडून पुढचा ‘हैदर’ गळून पडला. आज शिवमोग्गा जिल्ह्यात त्या गावाला नुसते ‘नगर’ म्हणतात आणि त्याचा तालुका आहे होसनगर, म्हणजे नवे नगर. आपल्याकडेही तेच झाले. पुण्यात ‘नगर रोड’ आहे. छत्रपती संभाजीनगरात ‘नगर नाका’ आहे. आडनाव आहे ‘नगरकर’. अहमदनगरकर आडनावाचा माणूस माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही खाते उघडायला आला नाही. कागदावर सुलतानाचे नाव पाचशे वर्षे राहिले, पण जिभेने फार पूर्वीच काटकसर केली होती.

नावांची देवघेव उलट्या बाजूनेही झाली. मालोजीराजे भोसल्यांनी नगरच्या शाहशरीफ दर्ग्यात नवस केला आणि मुले झाल्यावर त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. नगरलगतचे बुऱ्हाणनगर पाहा. नावात बुऱ्हाण आहे. पण तुळजापूरच्या भवानीच्या सीमोल्लंघनासाठी दरवर्षी पालखी जाते ती या गावाहून. नावे ठेवणाऱ्यांच्या मनात काय असेल ते असो, पुढे ती नावे माणसांची होतात आणि माणसे त्यांत आपला संसार मांडतात.

झिजलेले नगर

‘नगर’ शब्द आपल्या जिल्ह्यात सुलतानाबरोबर आला, असा कुणाचा समज असेल तर त्याने तालुक्यांची नावे मोठ्याने म्हणून पाहावीत. संगमनेर. पारनेर. जिल्ह्याबाहेर पडले की अंमळनेर, जामनेर, पिंपळनेर. हे ‘नेर’ काय आहे?

प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘ग’ टिकत नसे. म्हणून संस्कृत ‘नगर’चे महाराष्ट्री प्राकृतात ‘णअर’, ‘णयर’ झाले आणि ते आणखी झिजून ‘नेर’ झाले, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. हातातून हात फिरत गेलेल्या नाण्यासारखी त्याची गत झाली. छाप पुसट झाली, पण चलन तेच. म्हणजे संगमनेर हे प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरचे नगर. पारनेरशी पराशर ऋषींचे नाव जोडले जाते. यवतमाळ जिल्ह्यात तर नुसते ‘नेर’ नावाचे तालुक्याचे गाव आहे. धुळ्याजवळही एक नेर आहे. ही गावेही ‘नुसती नगर’च म्हणायची. राजस्थानातले बिकानेर आणि गुजरातेतले चांपानेर याच गोतावळ्यातले.

मलिक अहमद ज्या जुन्नरहून आला, त्या जुन्नरचीही फोड लोक ‘जुने नगर’ अशी करतात. ती मान्य केली तर गंमत होते. सुलतान जुने नगर सोडून निघाला आणि त्याने नवे नगर वसवले. मधल्या वाटेवर पारनेर होतेच. म्हणजे नगरहून निघून, नगरवरून, नगरला! त्या मावशी पारनेर तालुक्यातल्या. नगरातून नगरात येऊन त्या मला विचारत होत्या, एवढी नगरे कशाला. हे मला तेव्हा सुचले असते तरी सांगण्याची हिंमत झाली नसती.

शब्द मुळात किती जुना? ऋग्वेदात ‘पुर’ भेटते. ‘नगर’ पुढच्या काळात येते. पण एकदा आले ते सरकारदरबारी आले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने कलिंगात जे लेख कोरले, त्यांत तोसलीच्या ‘नगलवियोहालक’ अधिकाऱ्यांना उद्देशून सूचना आहेत. मागधीत ‘र’चा ‘ल’ होतो, म्हणून नगल. म्हणजे नगराचा व्यवहार पाहणारे अधिकारी. आजचे मुख्याधिकारी म्हणा हवे तर. न्याय देताना आळस, घाई आणि कठोरपणा करू नका, असे त्यांना बजावले आहे. नगराबरोबर नगराचा अधिकारी आला आणि त्याच्याविषयीची तक्रारही आली! नागरिक, नगरसेवक, नगराध्यक्ष, नगरशेठ, आपली नागरी लिपी, मंदिरांची नागर शैली हा सगळा त्याच शब्दाचा परिवार.

आणि आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला कसे विसरावे? १२९० साली तिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्ञानेश्वरांनी त्यात मराठी भाषेलाच नगरीची उपमा दिली आहे. मलिक अहमदाच्या लढाईच्या बरोबर दोनशे वर्षे आधी आपल्या जिल्ह्यात हे एक नगर वसले होते. त्याला तट नव्हता, वेस नव्हती. ते अजून कुणाला जिंकता आलेले नाही.

नगर विरुद्ध नगर

नावे एक असली म्हणजे प्रेम असतेच असे नाही, हे भाऊबंदकी पाहिलेल्यांना सांगायला नको. १३३६ साली दक्षिणेत विजयनगर उभे राहिले. पुढे दोनशे वर्षांत त्याच्या वैभवाच्या कथा सातासमुद्रापार गेल्या. १५६५ साली तालिकोटच्या लढाईत दक्षिणेतले सुलतान एकत्र आले. त्यांच्या फौजेच्या मध्यभागी होता नगरचा हुसेन निजामशहा. आज आपण पाहतो तो नगरचा दगडी भुईकोट बांधून काढणारा. रामराय पडला, विजयनगर लुटले गेले, जाळले गेले. एका नगराने दुसऱ्या नगराची राख केली. पुढे सत्तर-एकाहत्तर वर्षांत, १६३६ साली, निजामशाहीही संपली. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध किल्ला लढवला, मलिक अंबरने जीव तोडून राज्य पुन्हा उभे केले. पण जायचे ते गेलेच. खुद्द औरंगजेब १७०७ साली भिंगारला मेला. १८०३ मध्ये वेलस्लीने किल्ला घेतला. १९४२ ते १९४५ या काळात त्याच किल्ल्यात पंडित नेहरू आणि त्यांचे सहकारी कैदेत होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथे लिहिले गेले.

विजयनगरचे मात्र नाव मेले नाही. जागेला लोक हंपी म्हणू लागले आणि नाव इतरत्र नांदू लागले. गेल्या दोनशे वर्षांत दक्षिणेत किती वसाहतींनी स्वतःला विजयनगर म्हणवून घेतले असेल, याची मोजदाद कठीण. आणि २०२१ साली कर्नाटक सरकारने होसपेटे हे ठाणे धरून नवा जिल्हा केला, त्याचे नाव ठेवले विजयनगर. साडेचारशे वर्षांनी नाव घरी आले.

श्रीनगरही एक नाही. काश्मीरच्या श्रीनगरीचे श्रेय कल्हण ‘राजतरंगिणी’त अशोकाला देतो. दुसरे श्रीनगर गढवालात, अलकनंदेच्या काठी; ती गढवालच्या राजांची जुनी राजधानी. जामनगर तर मूळचे ‘नवानगर’. क्रिकेटवाले रणजितसिंहजी याच नवानगरचे जामसाहेब. भावनगर १७२३ साली वसले. कुठल्याही नव्या सत्ताधीशाला आपण काही तरी उभारले, हे सांगायला हा एक शब्द पुरत असे.

समुद्रापलीकडे

हा शब्द बोटीतही बसला. व्यापारी, पंडित आणि भिक्षू पूर्वेकडे गेले, त्यांच्या सामानात तो होता. ख्मेर भाषेत नगरचे ‘नोकोर’ आणि मग ‘अंगकोर’ झाले. ज्या अंगकोर वाटची चित्रे आपण कॅलेंडरवर पाहतो, त्याचा साधा अर्थ नगरातले देऊळ. थायलंडमध्ये ‘नाखोन’ झाले. नाखोन पाथोम म्हणजे प्रथम नगर, नाखोन सावन म्हणजे स्वर्गनगर, नाखोन सी थम्मरात म्हणजे श्रीधर्मराजाचे नगर. बँकॉकला तिथले लोक क्रुंग थेप महा नाखोन म्हणतात. त्यातले महानगर आपल्याला दुभाष्याशिवाय कळते.

मलय भाषेत या शब्दाने बढती घेतली. तिथे ‘नगारा’ म्हणजे शहर नव्हे, देश. इंडोनेशियातही तसेच. मलेशियाचे राष्ट्रगीत आहे ‘नगाराकू’, म्हणजे माझा देश. आणि तिथली मध्यवर्ती बँक, आपल्या रिझर्व्ह बँकेसारखी, तिचे नाव ‘बँक नगारा मलेशिया’! हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमची मेल ट्रान्सफरची पाकिटे आठवली. श्रीनगरच्या त्या कारकुनाने अक्षर आणखी थोडे बिघडवले असते तर मावशींचे तीन हजार क्वालालंपूरला जाऊन आले असते.

नावांच्या या गोंधळावर तोड काढणारा माणूस मराठी होता, हे सांगायलाच हवे. टपाल-तार खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर. हे संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते लिहायच्या भाषा अनेक, अक्षरे तऱ्हेतऱ्हेची. यावर उपाय म्हणून त्यांनी पिनकोड योजला आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. नगरला ४१४००१ मिळाला. शब्दांवर आयुष्यभर प्रेम केलेल्या माणसाने, शब्द कुठे कमी पडतात हे ओळखून आकडे पुढे केले. पण आकडा लिहायचा कंटाळा करणाऱ्यावर त्यांच्याकडेही औषध नव्हते. तेरा वर्षे उलटून गेल्यावरही आमच्या पाकिटावरचे चौकोन रिकामेच होते.

आणि गोंधळ केवळ नगरांचाच नव्हता. आमच्या जिल्ह्यात पिंपळगाव माळवी, पिंपळगाव पिसा, पिंपळगाव उज्जैनी, पिंपळगाव रोठा अशी पिंपळगावांची रांग. वडगावे तशीच, निमगावे तशीच. श्रीरामपूरचे रेल्वे स्टेशन बेलापूर नावाने उभे, आणि दुसरे बेलापूर नव्या मुंबईत. खेड्यांनी मात्र एक शहाणपण केले. पिंपळगाव या आपल्या नावाला हात न लावता त्यामागे ओळखीचा एक शब्द जोडला. हा खेड्यांचा पिनकोड, वेलणकरांच्या कितीतरी आधीचा.

आधी नाव, मग गाव

पुढे मी कर्जविभागात गेलो आणि नगर शब्दाचा आणखी एक अर्थ मला अर्जांवर दिसू लागला. पूर्वी राजा आधी शहर वसवी आणि मग त्याला नाव देई. स्वातंत्र्यानंतर उलटे झाले. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आणून ठेवले. बराकी, रांगा, उघडे नळ. १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. उल्हास जवळच्या नदीचे नाव, हे खरे. पण घर सोडून आलेल्या माणसांच्या पत्त्यात तो शब्द पडला, हेही खरे. कोल्हापूरजवळचे गांधीनगरही असेच सिंधी बांधवांनी कापडाच्या धंद्यावर उभे केलेले.

त्यानंतर महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहराच्या कडेला नगरे उगवली. दुष्काळात गाव सोडलेली, धरणात घर गेलेली, गिरणीच्या नाहीतर कारखान्याच्या आशेने आलेली माणसे पत्र्याची चार खोपटी उभी करत आणि दुसऱ्या दिवशी बांबूला पाटी लावत: अमुक नगर. पाणी नाही, वीज नाही, सातबाऱ्यावर नाव नाही; पण नगर आहे. मी तपासणीला जायचो तेव्हा सुरुवातीला मला त्याचे हसू येई. एका सायकल दुरुस्तीवाल्याने मला गप्प केले. तो म्हणाला, “साहेब, झोपडपट्टी लिहिलं तर तुम्ही कर्ज देणार का?” मी अर्जावर पत्ता लिहिला, त्याने सांगितला तसाच. नगर ही तिथे वस्तुस्थिती नव्हती. तो अर्ज होता. आम्हाला शहरात धरा, असा सरकारकडे आणि शेजाऱ्यांकडे केलेला अर्ज. त्यांतल्या पुष्कळ नगरांत आज तीन मजली घरे आहेत. काहींचा अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर इथे कुठे तरी असावे. सुलतान असो, महाराजा असो की सायकलवाला. ‘नगर’ म्हणणाऱ्याला सांगायचे असते, की आता आम्ही इथे राहणार आहोत.

पाटी आणि हाक

आता आपल्या नगरविषयी. चौंडी हे जामखेड तालुक्यातले गाव. ३१ मे १७२५ रोजी तिथे अहिल्यादेवींचा जन्म झाला. पुढे त्यांनी महेश्वरहून राज्य केले, काशी विश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभारले, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. ३१ मे २०२३ रोजी चौंडीतच नामांतराची घोषणा झाली, मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ठराव केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्याची अधिसूचना निघाली.

त्या आठवड्यात आमच्या कट्ट्यावर दोन तट पडले. एकजण म्हणाला, जिल्ह्याच्या लेकीचे नाव जिल्ह्याला मिळाले, यापेक्षा चांगले काय? दुसरा, आमचा शाळेपासूनचा मित्र, बराच वेळ बोलला नाही. त्याच्या चार पिढ्या झेंडीगेटच्या आसपास गेलेल्या. मग एवढेच म्हणाला, “बाईंबद्दल माझं काही म्हणणं नाही रे. त्या मोठ्याच. पण माझ्या बापाच्या पत्रांवर जे गाव लिहिलेलं आहे, ते आता कुठे आहे ते सांग.” त्याला कुणी उत्तर दिले नाही. मलाही ते सुचले नाही, आणि न सुचलेले सुचल्यासारखे लिहिण्याचे हे वय नव्हे.

दोघांचेही खरे आहे, असे मला वाटते. ज्या बाईने जात-पात न पाहता वाटसरूसाठी पाणी काढले, तिचे नाव तिच्या जन्मभूमीला मिळण्यात आनंदच आहे. आणि ज्याने माळरानावर शहराची पहिली आखणी केली, दूरवरून खापरी नळांनी पाणी आणले गेले, त्या काळाचे ऋण पाटी बदलल्याने फिटत नाही. जुनी पुस्तके, जुने दस्त, जुनी जन्मप्रमाणपत्रे जुन्याच नावाने बोलत राहतील. बँकेत आम्ही खात्याचे नाव बदलले तरी जुने लेजर कधी फाडत नसू. नव्या पानावर ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहून शिल्लक आणत असू. गावांचाही हिशेब तसाच ठेवावा. शिल्लक पुढे आली पाहिजे आणि जुने पानही जागेवर पाहिजे.

ती शिल्लक काय, ते मी मागच्या महिन्यात ऐकले. पुण्याला मुलीकडे गेलो होतो. परतताना वाकडेवाडीच्या स्थानकावर उभा होतो. पूर्वी नगरच्या गाड्या शिवाजीनगरहून सुटत. मेट्रोच्या कामासाठी ते स्थानक इकडे हलवले, तरी लोक अजून ‘शिवाजीनगरला जातो’ म्हणतात. गाडी लागली. पुढच्या पाटीवर ठसठशीत अक्षरांत अहिल्यानगर लिहिले होते. कंडक्टर पंचविशीतला असेल. सुलतानाचे त्याला देणेघेणे नसावे, कट्ट्यावरच्या वादाचेही नसावे. दारात उभा राहून त्याने हाक दिली:

“नगर, नगर, नगर!”

आणि सगळी माणसे उठून त्या गाडीकडे गेली. जामनगरला जायला निघालेले त्यांत कुणी नव्हते. माझ्यापुढे एक म्हातारी पायरी चढत होती, हातात कापडी पिशवी. मी तिला हात दिला. त्या मावशी आता असत्या तर नव्वदीच्या पुढे असत्या. तेव्हा ती दुसरीच कुणी होती, हे मला कळत होते. तरी खिडकीपाशी बसल्यावर मनात हिशेब सुरू झाला: तीन हजारांवर किंवा डोरल्यावर जे काही कर्ज असेल त्यावर, तेवीस दिवसांचे, त्या काळच्या सराफी दराने. रांजणगाव येईपर्यंत आकडा निघाला. फार नव्हता. तेव्हाही नव्हता. माझ्या पगारातून सहज देता आला असता. ते मला सुचले नाही; मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहीत बसलो होतो.